केळ, केळे आणि केळी
(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या व्याख्यानमालेसाठी मी केळीचा विषय सुचवला, तेव्हा कार्यकारी मंडळातील काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले. ते स्वाभाविकच होते. ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून संतांवर, नाटककारांवर, इतिहासकारांवर बोलले जाते. केळीचा मान आपण पूजेच्या चौरंगाभोवतालचे खांब, नैवेद्य आणि जेवणाचे पान एवढ्यापुरताच ठेवला आहे. परंतु जी वस्तू अतिपरिचयाची होते, तिच्याकडे पाहणे आपण हळूहळू सोडून देतो. आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या आणि त्याहून अधिक काळ या वाचनालयाचा वाचक असलेल्या माणसाने या दोन ऋणांची अंशतः फेड करायची, तर दोन्हींना जोडणारा विषय घ्यावा, असे मला वाटले. केळीचा विचार शब्द, वनस्पती आणि फळ अशा तीन अंगांनी करू. पिढ्यानपिढ्या जपलेली गोष्ट कशाने टिकते आणि कशाने एका फटक्यात नाहीशी होते, या एकाच प्रश्नाकडे ही तिन्ही अंगे आपल्याला नेतात.

प्रारंभ शब्दापासून करतो. मराठीत ‘ती केळ’ म्हणजे झाड आणि ‘ते केळे’ म्हणजे फळ. दोहोंचे अनेकवचन मात्र एकच, ‘केळी’. ‘परसात केळी आहेत’ असे कोणी म्हणाले, तर झाडे आहेत की फळे, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. विभक्तीचा प्रत्यय लागताच संदिग्धता दूर होते. पान असते ते ‘केळीचे’ आणि साल असते ती ‘केळ्याची’. शाळेत जाण्यापूर्वीच मूल हा भेद अचूक पाळते. हिंदीत झाडही ‘केला’ आणि फळही ‘केला’. आपण मात्र झाडाला स्त्रीलिंग आणि फळाला नपुंसकलिंग देतो. ही आपली लहर नव्हे, तो फार जुना वारसा आहे. संस्कृतात ‘बदरी’ हे झाड आणि ‘बदरम्’ हे फळ. त्यांच्यापासूनच आपली ‘ती बोर’ किंवा ‘बोरी’ आणि ‘ते बोर’ आले. लॅटिन भाषेतही सफरचंदाचे झाड स्त्रीलिंगी आणि त्याचे फळ नपुंसकलिंगी आहे. झाड ही आई आणि फळ हे मूल, ही कल्पना आपल्या व्याकरणात अशी मुरलेली आहे. ‘मूल’ हा शब्दही मराठीत नपुंसकलिंगीच, हे सहज आठवले म्हणून सांगतो.

‘केळ’ हा शब्द संस्कृत ‘कदली’पासून आला. प्राकृतात मधला दकार गळाला, ‘कयली’ झाले, मग ‘केली’ झाले. दोन स्वरांमधल्या एकेरी ‘ल’चा ‘ळ’ करण्याच्या आपल्या सवयीने शेवटी ‘केळी’ झाले. कोकणीतही झाड ‘केळ’ आणि फळ ‘केळें’च. निदान या एका फळाच्या नावावरून तरी आपल्याकडे भाषावाद होण्याचा संभव नाही! ‘केळवण’ या शब्दाचा संबंध केळीच्या पानावरील पंगतीशी जोडण्याचा मोह अनेकांना होतो. मात्र गुजरातीत ‘केळवणी’ म्हणजे शिक्षण, संस्कार, हे ध्यानात घेतले की तो संबंध जपूनच जोडावा लागतो. नुसत्या ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरत नाही.

संस्कृतात केळीला ‘रंभा’ आणि ‘मोचा’ अशीही नावे आहेत. ‘मोचा’ बंगालीत केळफुलाच्या अर्थाने आजही नांदतो आहे. अरबांनी या फळाला ‘मौझ’ म्हटले आणि ते नाव संस्कृत ‘मोचा’वरून आले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. अरबी शब्दावरून लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने या प्रजातीला ‘मुसा’ हे नाव दिले. इ. स. १७३६ मध्ये त्याने हॉलंडमधील एका धनिकाच्या बागेत फुललेल्या केळीवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला होता. पुढे त्याने केळीच्या दोन जातींना जी लॅटिन नावे दिली, त्यांतील एकीचा अर्थ ‘नंदनवनातील’ आणि दुसरीचा ‘ज्ञानी पुरुषांची’ असा होतो. दुसऱ्या नावामागे रोमन ग्रंथकार प्लिनी याने नोंदवलेली वार्ता आहे. हिंदुस्थानातील ज्ञानी लोक ज्याच्या फळांवर राहतात अशा एका वृक्षाचे वर्णन त्याने केले आहे.

आता जे सांगणार आहे, त्याचा संबंध थेट आपल्या भूमीशी आहे. इ. स. १५५६ मध्ये गोव्यात छापखाना आला. पुढे सातच वर्षांनी, १५६३ मध्ये, गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांवरील संवादरूप ग्रंथ येथेच छापला गेला. त्यात केळ्यावर संवाद आहे, पण तो ‘हिंदुस्थानचे अंजीर’ या नावाने. पोर्तुगीजांना हे फळ नवखे होते, म्हणून त्यांनी आपल्या ओळखीच्या अंजिराचे नाव, ‘फिगो’, त्याला देऊन टाकले. ओर्ता सांगतो की अरब या फळाला मुसा म्हणतात आणि आफ्रिकेतील गिनी प्रदेशात त्याला ‘बनाना’ म्हणतात. आज जगभर रूढ झालेल्या या शब्दाची युरोपीय भाषेतील अगदी आरंभीची एक छापील नोंद अशा रीतीने गोव्यात छापलेल्या पुस्तकात आहे. पुढे पोर्तुगीज भाषेनेही ‘फिगो’ हे नाव अंजिराला परत केले आणि ‘बनाना’ स्वीकारले. मयडे गावच्या केळ्यांची साखरेत आटवून जी वडी आपल्याकडे करतात, तिला मात्र ‘फिगाद’च म्हणतात. साडेचारशे वर्षांपूर्वी झालेली ती गफलत आपण अजूनही गोड मानून खातो आहोत.

याच ओर्ताच्या बाबतीत आणखी एक गोष्ट या वास्तूत सांगितली पाहिजे. तो १५६८ मध्ये वारला. गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून १५८० मध्ये इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. ग्रंथ मात्र तोवर युरोपात पोहोचला होता. १५६७ मध्येच त्याचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध झाला होता. प्रत एकाच ठिकाणी नव्हती, म्हणून ग्रंथ वाचला. हा मुद्दा कृपया लक्षात ठेवावा, कारण केळीच्या संदर्भात तो पुन्हा येणार आहे.

शब्दाकडून आता वनस्पतीकडे वळू. आपण सहज ‘केळीचे झाड’ म्हणतो, पण शास्त्राच्या दृष्टीने केळ हा वृक्ष नव्हे. ती एक अवाढव्य ओषधी आहे. जे खोड म्हणून दिसते, ते एकावर एक घट्ट गुंडाळलेल्या पर्णतलांचे, म्हणजे आपल्या भाषेत सोपटांचे, वेटोळे असते. खरे खोड जमिनीखाली कंदाच्या रूपाने असते. तीसचाळीस पाने आली की कंदाचा शेंडा पान करणे थांबवतो, त्याचा फुलोरा बनतो आणि तो सोपटांच्या नळीतून वर चढत माथ्यावर बाहेर पडतो. याला शेतकरी ‘केळ निसवली’ असे म्हणतात. किती नेमका शब्द आहे! जांभळ्या केळफुलाची एकेक पाकळी उचलली जाते, तिच्या पोटातील मादीफुलांच्या ओळीची फणी होते आणि सगळ्या फण्या मिळून घड, ज्याला लोंगर असेही म्हणतात. टोकाकडील नरफुलांना फळ धरत नाही. घड तयार झाला की त्या केळीचे आयुष्य संपते. तोवर कंदाच्या बाजूने मुनवे फुटलेले असतात. तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचा मुनवा लागवडीस उत्तम, हे कोणत्याही बागाईतदाराला ठाऊक असते.

आपल्या तत्त्वज्ञांनी आणि संतांनी केळीच्या खोडाची उपमा असार संसाराला दिली. सोपट सोलावे, त्याखाली दुसरे सोपट, त्याखाली तिसरे, आणि अखेरीस हाती काहीच लागत नाही. पाली सुत्तातही संस्कारांना हीच उपमा दिलेली आहे. उपमा यथार्थच आहे, पण वनस्पतिशास्त्राचा शिक्षक म्हणून एक नम्र पुस्ती जोडतो. ही उपमा न निसवलेल्या केळीला लागू पडते. निसवलेली केळ सोलली तर आत पांढराशुभ्र, मऊ गाभा सापडतो. तो फुलोऱ्याचा दांडा असतो आणि त्याची भाजी आपल्या घरांतून होते. म्हणजे केळ पोकळ नसते. तिचे सार योग्य वेळ आल्यावाचून तयार होत नाही, एवढेच.

पानाबद्दल बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही. टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येईल असे पान मांडण्याची आपली रीत. पंगती कमी झाल्या, घरोघर स्टीलची ताटे आली, तरी गृहिणी ‘पाने घेतली आहेत’ असेच म्हणते, आणि ‘पानात टाकू नये’ असेच मुलांना बजावले जाते. वस्तू गेली तरी शब्दाने तिची जागा राखून ठेवली. ग्रंथाचेही ‘पान’च असते, तेव्हा या वास्तूत त्या शब्दाचा दुहेरी मान आहे. आपल्या गोव्यात अबोलीच्या फाती केळीच्या वाखात गुंफतात आणि चतुर्थीच्या माटोळीला केळ्यांच्या घडावाचून पूर्णता येत नाही. पानापासून वाखापर्यंत केळीचा कोणताही भाग वाया जात नाही.

आता फळाकडे येऊ. केळे कापले असता मध्यभागी जे काळे ठिपके दिसतात, ती न झालेली बीजे होत. आपली खाण्याची केळी परागीभवनावाचून धरते आणि निर्बीज असते. बहुतेक जातींत अकरा गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे तेहतीस गुणसूत्रे असतात. तिहींची समान वाटणी होत नाही, त्यामुळे बी होत नाही. रानातली गोष्ट निराळी आहे. सह्याद्रीच्या कड्याकपारींत पावसाळ्यात उगवणारी चवेणी किंवा रानकेळ पाहावी. तिला मुनवे फुटत नाहीत. ती बियांवरच वाढते, एकदाच फळते आणि मरते. तिच्या फळात मोठमोठ्या काळ्या बिया असतात, गर नावालाच. बागेतील केळीने बी गमावले आणि गर मिळवला. त्याबरोबर स्वतःहून पसरण्याची शक्तीही तिने गमावली. न्यू गिनीतील कुक येथील उत्खननात सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या केळीच्या लागवडीचे अवशेष मिळाले आहेत. तेव्हापासून आजतागायत केळ गावोगावी गेली ती माणसाच्या हातून. कोणी लेकीला सासरी जाताना मुनवा दिला, कोणी जहाजात घातला, कोणी शेजाऱ्याकडून मागून आणला. मुनवा हा मातेचाच अंश असल्यामुळे एका जातीची सर्व केळी वास्तविक एकाच व्यक्तीचे तुकडे असतात. अधूनमधून एखाद्या मुनव्यात आपोआप बदल होतो, चाणाक्ष माणूस तो ओळखतो, वेगळा लावतो आणि नवी जात जन्मते.

अशा जातींची आपल्याकडे केवढी श्रीमंती होती आणि काही अंशी अजून आहे! गोव्यात साळदाटी, सावरबोंडी, रसबाळी आणि मयड्याची मिंडोळी. या मिंडोळीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कोकणात वेलची, मुठेळी, लाल केळी. वसईकडील सुकेळी ज्या केळ्यांची करतात, ती राजेळी. खानदेशात बसराई. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये मानांकन लाभले. राज्याची सीमा ओलांडून बऱ्हाणपुरास गेले तरी केळीच्या बागा खंडित होत नाहीत. या नावांतून इतिहास वाचता येतो. ‘रसबाळी’तील ‘बाळी’ म्हणजे उघडच कानडी ‘बाळे’, केळे. नंजनगूडची रसबाळे प्रसिद्धच आहे. म्हणजे एका केळ्याच्या नावात संस्कृत रस आणि कानडी बाळे नांदतात आणि ते नाव गोव्याच्या बाजारात खपते. सीमाभागातील मंडळींना याचा अर्थ अधिक समजावून सांगायला नको.

आणि आता मूळ प्रश्नाकडे येतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेच्या बाजारात ‘ग्रो मिशेल’ ही एकच जात विकली जाई. मध्य अमेरिकेत तिचे मैलोगणती मळे होते. मातीतील एका बुरशीने होणारा ‘पनामा रोग’, आपल्याकडे ज्याला मर रोग म्हणतात, तिथे शिरला. बुरशी मुळांतून आत जाते, रसवाहिन्या कोंडते, पाने पिवळी पडून लोंबतात आणि केळ कोसळते. तिच्यावर औषध नाही. बुरशीचे बीजाणू मातीत कित्येक दशके जिवंत राहतात. एक केळ बळी पडली की सगळ्या पडणार, कारण सगळ्या एकच! १९६० च्या सुमारास ती जात व्यापारातून जवळजवळ संपली. तिची जागा घेतली ‘कॅव्हेंडिश’ने. ही जात मॉरिशसहून इंग्लंडात जाऊन एका सरदाराच्या काचघरात वाढली आणि त्या घराण्याचे नाव तिला मिळाले. आपली बसराई आणि आता सर्वत्र दिसणारी ग्रँड नैन ही याच गटातील. परंतु त्याच बुरशीचा एक नवा प्रकार आला आणि तो कॅव्हेंडिशलाही सोडत नाही. आग्नेय आशियातून तो पसरत गेला. २०१९ मध्ये दक्षिण अमेरिकेत कोलंबियात त्याचा शिरकाव झाल्याचे जाहीर झाले. आपल्या देशात बिहारमध्येही तो आढळला आहे. जगातील केळ्यांच्या उत्पादनापैकी सुमारे पाव हिस्सा भारतात होतो. तेव्हा ही परक्यांची चिंता नव्हे. रसबाळीच्या जातीला तर जुन्या प्रकारच्या बुरशीनेच ग्रासले आणि नंजनगूडची लागवड फार आक्रसली.

यावर उपाय कोठे आहे? ज्या जाती बाजाराने नाकारल्या, त्यांत आहे. रोगाला तोंड देण्याचे गुण कोणत्या परसातील कोणत्या केळीत दडले आहेत, हे आधी सांगता येत नाही. म्हणून तिरुचिरापल्ली येथे १९९३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रात देशभरच्या जाती जतन केल्या जातात. बेल्जियममधील लूव्हेन येथे जगभरच्या दीड हजारांहून अधिक वाणांची रोपे परीक्षानळ्यांतून सांभाळली जातात, आणि मागेल त्या संशोधकाला दिली जातात. हे वर्णन ऐकून आपल्याला काय आठवते? नोंदणी क्रमांक, मांडणी, देवघेव, जीर्ण झालेली प्रत नव्याने करणे. ते केळींचे ग्रंथालयच आहे.

अशी संस्था आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. नळीतील रोपाला ते कोणत्या सणाला लागते, त्याचे कच्चे फळ भाजीला चालते की नाही, घड किती दिवस टिकतो, हे ठाऊक नसते. हे ज्ञान आपल्या कुळागरांत आहे. पोफळी, माड, मिरवेल आणि त्यांच्या आडोशाला केळी अशी ती मिश्र बाग. तेथे चार जातींच्या केळी शेजारी शेजारी असतात. एकीला रोग लागला तर दुसरी वाचते. आज पाटाचे पाणी काढायला माणूस मिळत नाही, पुढची पिढी शहरात किंवा परदेशी आहे, कुळागरे ओस पडत आहेत. बाजारात एकाच आकाराची, एकाच रंगाची केळी खोक्यांतून येतात आणि आपण ती घेतो. त्यात कोणाचा दोष आहे असे मी म्हणत नाही. ती केळी वाईट नाहीत. पण साळदाटी मागणारे गिऱ्हाईकच उरले नाही, तर ती लावणारा उरत नाही. आणि ती लावणारा उरला नाही, तर ‘साळदाटी’ हा शब्दही उरत नाही. वस्तू गेल्यावर ‘पान’ हा शब्द टिकला, कारण जेवण टिकले. जातींच्या नावांना असा आधार नाही.

शंभर वर्षांपूर्वी हे वाचनालय निघाले, तेव्हा येथे परकी राजवट होती. राज्यकारभाराची भाषा निराळी, शाळेची निराळी. अशा वेळी पूर्वसूरींनी मराठी पुस्तके मागवली, वर्गणी गोळा केली आणि कपाटे भरली. भाषा घराघरांत बोलून, मुनव्यासारखी हातोहात दिली जाते, हे खरे. पण केवळ हातोहात देण्याने जे चालते, त्याची साखळी एका पिढीच्या आळसानेही तुटते, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी नोंद ठेवली, प्रती जमवल्या, सर्वांसाठी दार उघडे ठेवले. आपण त्याचे लाभार्थी आहोत.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने एक छोटी सूचना करतो. वाचनालयाने एक नोंदवही उघडावी. प्रत्येक सभासदाने आपल्या किंवा आजोळच्या परसात असलेल्या, अथवा पूर्वी असलेल्या, केळींची नावे तीत लिहावीत. झाडाची उंची, खोडाचा रंग, घडाच्या फण्या, सालीची जाडी, चव, कोणत्या पदार्थाला आणि कोणत्या सणाला लागते, हे सारे घरच्या भाषेत लिहावे. वृद्धांना विचारावे, शक्य तेथे छायाचित्र जोडावे. ज्यांच्याकडे जात जिवंत असेल त्यांनी ते स्पष्ट नमूद करावे, म्हणजे मुनवा मागायला कोणाच्या दारी जावे, हे दुसऱ्याला कळेल. याला खर्च जवळजवळ नाही. वर्षभरात पन्नास पाने भरली, तरी भाषेच्या अभ्यासकाला आणि केळीच्या संशोधकाला, दोघांनाही उपयोगी पडेल असा एक दस्तऐवज या कपाटांत जमा होईल.

माझ्या परसात आज साळदाटी आणि रसबाळी अशा दोन जाती आहेत. त्यांची नोंद वहीच्या पहिल्या पानावर मी स्वतः करीन, आणि मृगाच्या पावसानंतर ज्यांना मुनवे हवे असतील त्यांनी ते निःसंकोच घेऊन जावेत.